खाटेवरून लावलेला वाटाणा

वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या जातींविषयी मी अधिकाराने बोलतो, असा माझ्या विद्यार्थ्यांचा समज होता आणि तो मी कधी मोडला नाही. चोपड्याच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवायचो. आनुवंशिकतेचा धडा आला की फळ्यावर एका बाजूला उंच झाड काढायचं, दुसऱ्या बाजूला बुटकं, मधे गुणाकाराची फुली, आणि मग परदेशातल्या कुठल्याशा मठाच्या बागेत वाटाणे लावत बसलेल्या त्या पाद्रीबाबांची गोष्ट सांगायची. गोष्ट मी रंगवून सांगायचो. पोरं मन लावून ऐकायची. अडचण एवढीच होती की वाटाण्याचं जिवंत झाड मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

मी धुळ्याचा. आमच्या घरी वाटाणा भाजीबाजारातून पिशवीत बसून यायचा. त्याच्या आधीच्या आयुष्याची चौकशी करावी असं कुणाला वाटलं नाही. फळ्यावर जे झाड मी काढायचो ते खरं तर तुळशीचं होतं, फक्त त्याला शेंगा लटकवलेल्या. वेल वगैरे भानगड पुस्तकातल्या चित्रात नीट कळत नसे. त्यामुळे उंच वाटाणा म्हणजे आंब्यासारखा आपल्या पायावर उभा राहणारा, असं मी बरीच वर्षं शिकवलं. त्या पोरांपैकी काही आज डॉक्टर आहेत. देव करो आणि त्यांच्याकडे कुणी वाटाणा घेऊन न जावो.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. लग्नाला वर्ष झालं होतं. सासुरवाडी चोपड्याहून एसटीने जवळच, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळी आणि कापूस, बाकी घरापुरती ज्वारी. रविवार आला की आम्ही दोघं तिकडे. बायकोला माहेर, मला मान. तो मान म्हणजे काय असतो हे ज्याने खानदेशातला जावई होऊन पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. मी शेतात पाऊल टाकायच्या आत माझ्यासाठी खाट पोचलेली असे. तिच्यावर नवी गोधडी, उशाशी पाण्याचा तांब्या. मी खाली वाकून एखादं ढेकूळ उचलायला गेलो तरी सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, लांबून येऊन म्हणायचे, "जवाई, तुम्ही खाटवर बसा ना. वावरमा कसाले फिरतस?" जावई वावरात राबला तर चार लोक सासऱ्याला नावं ठेवतात, हा त्यामागचा हिशेब.

दुसरा नियम कुणी बोलून दाखवत नसे, पण पाळायचे मात्र सगळे. जावयाला त्याची चूक सांगायची नाही. एकदा मी उभ्या ज्वारीकडे बोट दाखवून म्हणालो, "यंदा बाजरी छान आली हो." आबा म्हणाले, "छान शे." आणि संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर ते त्या ज्वारीला बाजरीच म्हणत राहिले. सासूबाई, म्हणजे अक्का, जेवायला वाढताना म्हणाल्या, "आपल्या त्या बाजरीनी भाकर शे, घ्या." ती ज्वारीची होती हे मला चवीवरूनही कळलं नाही, हे वेगळं.

तर अशा मानात मी सुखाने लोळत असताना मेहुण्याचं प्रकरण निघालं.

बायकोचा हा धाकटा भाऊ बारावी होऊन घरी बसला होता. बसला होता म्हणजे दिवसभर शेतातच असायचा, पण शेतात राबणाऱ्याला आपल्याकडे 'घरी बसलाय' म्हणतात. त्याला केळीत गोडी नव्हती. विहिरीलगतच्या पट्ट्यात भाजीपाला करायचा, रोज पहाटे ताजा माल चोपड्याला न्यायचा, असं त्याच्या मनात होतं. आबांना ते पसंत नव्हतं. घड कापला, गाडीत भरला, काम संपलं, ही त्यांची शेती. टोपली घेऊन बाजारात बसायचं त्यांना कसंसंच वाटे. त्यात सुरतेला त्यांचे एक चुलतभाऊ होते. कापडाच्या कारखान्यात त्यांचं वजन होतं आणि त्यांनी पोरासाठी जागा बोलून ठेवली होती. मेहुण्याला सुरतेला जायचं नव्हतं. तो ते तोंडाने म्हणत नसे. फक्त सुरतेचं नाव निघालं की उठून बैलांना पाणी दाखवायला जायचा. बैलांना त्या दिवसांत फार पाणी प्यावं लागलं.

दिवाळीनंतर एका रविवारी आबांनी माझ्यासमोरच निकाल लावला. "हाई साल करी देख. सक्रातनंतर वावरमा भरीत करसूत, तवय सुरतना काका येई. तवलगून काही दखाडं ते पट्टा तुना. नहीते काकासंगे गाडीमा बस." म्हणजे संक्रांतीनंतरच्या भरिताच्या जेवणापर्यंत पोराने काही पिकवून दाखवलं तर विहिरीचा पट्टा त्याचा, नाहीतर सुरत. आमच्याकडे थंडीत शेतावर भरिताचं जेवण होतं. पै-पाहुणे जमतात, वांगी भाजतात. म्हणजे निकालही चारचौघांत लागणार होता.

मेहुण्याचा बेत मेथी आणि वांग्याचा होता. बेत चांगला होता, हातातला होता. तिथे मी खाटेवरून तोंड घातलं.

"वांगी काय, सगळेच लावतात," मी म्हणालो. "वाटाणा लाव. उंच जात आणि बुटकी जात, दोन्ही. बुटका लवकर हाती येतो, एकदम येतो. तो संपेस्तोवर उंच सुरू होतो. बाजारात तुझा माल तुटणार नाही."

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि ते बरोबरही होतं. माझ्या शिकवणीतलं बरोबर असलेलं ते शेवटचं वाक्य. मेहुणा माझ्याकडे असा पाहत होता, जणू सुरतेची गाडी मीच आडवा हात करून थांबवली आहे. आबांच्या गावात वाटाणा कुणी लावलेला नव्हता, आणि जावयाला नाही म्हणायची सोय नव्हती.

पुढच्या खेपेला धुळ्याला गेलो तेव्हा बियाण्याच्या दुकानातून दोन कापडी पिशव्या आणल्या. दुकानदाराने बजावलं, की बुटका गुडघ्याएवढा होतो, त्याचा तो उभा राहतो. उंच मात्र माणसाएवढा जातो, वेल वीतभर झाली की आधार द्या, नाहीतर जमिनीवर लोळेल. मी जाणत्यासारखी मान हलवली. मनात म्हटलं, म्हणजे तुळस नाही तर.

आता पेरणीचा दिवस नीट लक्षात घ्या, कारण सगळा घोटाळा तिथला आहे. सकाळची वेळ, थंडी चांगली पडलेली. अक्कांनी माझी खाट उन्हात, विहिरीच्या बाजूला टाकायला लावली. समोर पट्टा, पट्ट्यापलीकडे निंबाचं झाड. रात्रभर भिजवलेलं बी घेऊन मेहुणा उभा. मी गोधडीतून हात बाहेर काढून सांगितलं, "माझ्या उजव्या हाताला उंच, डाव्या हाताला बुटका." त्याने अगदी तसंच केलं. बोटाच्या दोन पेरांएवढं खोल, ओळीत, सरळ. काम असं सुरेख केलं की मी खाटेवर बसून थकलो.

बी उगवलं. वेली वीतभर झाल्या. आधार द्यायचा रविवार आला. आधाराला काय वापरायचं, तर पऱ्हाट्या. कापूस वेचून झाला की उपटलेली झाडं वाळतात, त्या काड्या. प्रत्येक घरामागे त्यांचा उडवा रचलेला असतो, वर्षभर चूल त्याच्यावर चालते. अक्कांनी आपला उडवा मोकळा केला. एवढंच म्हणाल्या, "लई जा, पन चुल्हापुरत्या ठेवज्यात." मेहुण्याने चुलीपुरत्या ठेवल्या, त्याही मी नंतर मागवल्या. आधार कसा भक्कम पाहिजे.

त्या दिवशी आम्ही दुपारी शेतात गेलो होतो. ऊन लागत होतं. त्यामुळे अक्कांनी खाट सावलीत टाकायला लावली. सावलीत म्हणजे निंबाखाली. निंब म्हणजे पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला. मी निंबाखाली बसलो, समोर पट्टा, पट्ट्यापलीकडे विहीर. आणि मी उजवा हात वर केला.

"ह्या बाजूला उंच. लाव काड्या."

मेहुणा हातात भारा घेऊन थबकला. "दाजी, ह्याच बाजूले ना?"

"उजवी म्हणजे उजवी," मी म्हणालो. "पेरतानाच सांगितलं होतं."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा विहिरीकडे, एकदा निंबाकडे. आबा बांधावर उभे होते, त्यांच्याकडेही पाहिलं. आबांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि परत घातली. झालं. मेहुणा वाकला आणि बुटक्या वाटाण्याला माणसाएवढ्या पऱ्हाट्यांचा आधार द्यायला लागला. दोन्ही बाजूंनी काड्या रोवल्या, आडव्या काड्या घातल्या, केळीच्या वाळलेल्या सोपटाने गाठी मारल्या. कुंपण असं देखणं झालं, की रस्त्याने जाणारे थांबून विचारायचे, आत काय कोंडलंय?

मला यातलं काहीच कळलं नाही हे मला आजही खरं वाटत नाही. पण खाट मऊ होती आणि मान मोठा होता.

पुढचे रविवार मी समाधानाने काढले. कुंपणाच्या आतला वाटाणा गुडघ्याएवढा झाला आणि तिथेच थांबला. बापाचा सदरा घातलेल्या पोरासारखा दिसायचा. मी म्हणायचो, "थंडीने वाढ खुंटलीय. ऊन पडलं की सरसर चढेल." दुसऱ्या बाजूला, ज्याला मी बुटका समजत होतो तो जमिनीवरून चारी दिशांनी सुटला होता. एकमेकांच्या गळ्यात आपले कुरळे ताणे घालून, गुंता करून, मिळेल ते धरत होता. शेजारची वेल, गवताची काडी, एकदा तर माझ्या खाटेचा पाय. मी म्हणायचो, "बुटका जोमदार आहे. पसरट जात दिसते." आबा म्हणायचे, "पसरट शे." अक्का म्हणायच्या, "पसरट दिसस खरी." मेहुणा काही म्हणायचा नाही. पऱ्हाट्यांना वाळल्या बोंडांची काटेरी टरफलं असतात. आत हात घालून तण काढताना त्याचे हात ओरबाडून निघायचे. ते हात तो माझ्यासमोर पाठीमागे धरायचा.

पण बायको त्याच घरची. तिला जावयाचे नियम लागू नव्हते. एका रविवारी परतीच्या एसटीत, खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "तुम्ही फळ्यावर बुटक्या झाडाला काठी काढता का हो?"

"नाही. बुटक्याला कशाला काठी?"

"मग वावरात का लावली?"

"कुठे लावली?"

मी डोळ्यांसमोर पट्टा आणला. विहीर आणली, निंब आणला, खाट आणली. खाट विहिरीकडे ठेवली, मग उचलून निंबाखाली नेली. उजवा हात वर केला. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाने मला विचारलं, "उतरायचं का तुम्हाले?"

"तू तिथेच का नाही सांगितलंस?" मी बायकोला म्हणालो.

"सांगणार होते. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग गप्प बसले." मग तिने भर घातली, "तो सुरतेला गेला ना, तर तुमच्या घरी वाटाणा शिजणार नाही. सांगून ठेवते."

ती चेष्टेत बोलत नव्हती. धाकटा भाऊ तिने कडेवर वाढवला होता. मी त्याला मेथी-वांग्यातून काढून वाटाण्यात घातलं होतं, आणि वाटाण्यातून आता थेट सुरतेला पोचवत होतो. जमिनीवर लोळणाऱ्या वेलींना खालून ओल लागत होती. तिकडे उंदरांचीही चैन होती. आणि भरिताचं जेवण तोंडावर आलं होतं.

त्यात शाळेचं स्नेहसंमेलन. मला नाटकात झाडं उभी करायचं काम होतं. पुठ्ठ्याची. ती सरळ उभी राहिली, हे नमूद करून ठेवतो. मधले रविवार त्यात गेले. शेवटी मी ठरवलं, की भरिताच्या दिवशी पहिल्या एसटीने एकट्याने जायचं, पाहुणे यायच्या आत काड्या इकडच्या तिकडे करायच्या. एका सकाळीत. गुंतलेल्या वेली न तोडता. मी. हा विचार किती मूर्खपणाचा होता हे कळायलाही शेतकरी असावं लागतं, आणि मी जावई होतो.

गेलो. धुकं होतं. बांधावर चढलो आणि थांबलो.

उंच वाटाणा उभा होता. छातीपर्यंत. ओळीच्या ओळी. खाली पाहिलं तर केळीचे टेकू रोवलेले. केळीचा घड जड झाला की झाड कलू नये म्हणून वर दुबेळकं, म्हणजे दोन फाटे, असलेलं लाकूड लावतात ते. आबा ते टेकू दर हंगामानंतर मोजून गोठ्याच्या माळ्यावर ठेवायचे. पोराने एक मागितला तरी दहा प्रश्न विचारायचे. टेकूंच्या मधून जुना नाडा ताणलेला. विहिरीवर मोटार बसण्याआधी मोट होती, तिचा तो नाडा, म्हणजे जाड दोर. त्याचे पदर उलगडून दोऱ्या केलेल्या. आणि त्यांच्यावर एकेक वेल सोडवून, उचलून, टेकवलेली. काही तुटल्या होत्या, सुकल्या होत्या. बऱ्याच जगल्या होत्या. पांढरी फुलं होती, आणि खालच्या बाजूला पहिल्या शेंगा.

मेहुणा पाठीमागून आला. मी विचारलं, "कधी केलंस हे?"

"मी नाही केलं दाजी. मला वाटलं तुम्ही आबांना सांगितलं."

"मी आबांना काय सांगणार?"

आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. अक्का वांग्यांची टोपली घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमना सासरा रोज पहाटले मोटार सुरू कराले जातस म्हने. मोटार सुरू व्हस, पन पानी दुपारलगून बांध्यामा येत नही. मी इचारं, ते म्हने मोटार बिघडनी." आणि टोपली खाली ठेवून त्या हसल्या. तोंडाला पदर लावून, आवाज न करता.

आबा आले तेव्हा मी धीर करून म्हणालो, "आबा, हे टेकू..."

"कोनते टेकू?" त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, जणू आत्ताच पाहत होते. "वांदरे करी गयात वाटस. सातपुडामा वांदरे भलते हुशार शेतस." आणि वांग्यांची देठं तपासायला बसले.

दुपारकडे पाहुणे जमले. सुरतेचे काका अंमळनेरपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने आले होते. गोरेगोमटे, पायात चकचकीत बूट, सगळ्यांची चेष्टा करणारे, माणूस मायाळू. त्यांनी मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "काय रे, पेटी भरी का?" मेहुणा बैलांकडे निघाला. आबा म्हणाले, "बस आठे. बैलेस्नं पोट फुटी जाई."

तेवढ्यात भरीत करायला बसलेल्या माणसांनी हाळी दिली, की काड्या कुठे आहेत? वांगी भाजायला पऱ्हाट्याच लागतात. त्यांचा जाळ उंच चढतो आणि पटकन बसतो, वांग्याची साल करपते, आत धुराचा वास शिरतो. गोवऱ्यांवर ते भरीत होत नाही. आणि अक्कांचा उडवा तर मी संपवलेला. आता सगळ्यांच्या नजरा आपोआप माझ्या देखण्या कुंपणाकडे वळल्या.

काका कुंपणापाशी जाऊन वाकून पाहू लागले. गुडघ्याएवढी झाडं, माणसाएवढ्या काड्या. ते शहरात राहत असले तरी शेतकऱ्याच्या पोटचे होते.

"ह्या काड्या कसाले उभ्या करेल शेतस रे, भो?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तोंड उघडलं. आता काय ते बोलून टाकावं असं खरंच मनात होतं. पण आबांनी मला तेवढा वेळ दिला नाही.

"ती आमना जवाईनी अक्कल शे," ते म्हणाले, शांतपणे, वांग्याला तेलाचा हात लावत. "काड्या जमीनवर पडन्यात ते दव लागस. उभ्या ठेव्यात ते सुक्या राहतस. भरीतले सुकी काडी लागस. मास्तर मानूस, पहिलेच इचार करस."

पाहुण्यांत एकदम कौतुकाची कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, "शिकेल मानूसनं डोकं न्यारं." काकांनी एक काडी उपटून मोडून पाहिली. कट्कन मोडली. "खरंच सुकी शे," ते म्हणाले. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

"काढा, बठ्ठ्या काढा," आबा म्हणाले.

सगळे उठले आणि माझं कुंपण उपटायला लागले. अर्ध्या तासात ते जाळात गेलं. आणि जसजशा काड्या निघाल्या तसतसा आतला बुटका वाटाणा दिसायला लागला. काट्यांमुळे येता-जाता शेंग तोडायला कुणी त्याच्यात हात घातला नव्हता, म्हणून शेंगा तशाच लटकून भरल्या होत्या. गच्च. हात लावला की कुरकुर वाजाव्या अशा. पाहुण्यांतल्या बाया ओळीत बसल्या आणि पदरात तोडायला लागल्या. निम्म्या जागेवरच सोलून खाल्ल्या गेल्या. काकांनीही खाल्ल्या, चकचकीत बूट चिखलात घालून. म्हणाले, "गोड शे. सुरतले अशी भेटत नही." अक्कांनी मूठभर दाणे भरितात टाकले. पात, मिरची, लसूण, आणि वर ते हिरवे दाणे. केळीच्या पानावर, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर. मी त्या दिवशी किती जेवलो हे कुणी मोजलं नाही हे बरं झालं.

जेवणं झाल्यावर काका मुद्द्यावर आले. माणूस व्यवहारी होता. टोपल्यांकडे पाहून म्हणाले, "भो, माल गोड शे. पन टोपलंभर शे. तो उंचवाला ते आत्ते कोठे शेंगले लागना. हाई पाहिसन पोर्याले ठेवशी का तू? शरत काय व्हती?"

मेहुणा पान गुंडाळत बसला होता, ते गुंडाळतच राहिला. मला वाटलं, आता माझी पाळी. पट्टा उलटा झाला तो माझ्यामुळे, मेथी-वांगी लावली असती तर आज गाडी भरली असती, हे मी सांगायला हवं होतं. काकांचं काही खोटं नव्हतं. माल खरंच थोडा होता.

आबांनी हात धुतले. टोपीने पुसले.

"शरत मीच घालेल व्हती," ते म्हणाले. "मी मोडस."

"म्हंजे?"

"पोर्या सुरतले येवाव नही. वावरमा काम शे." आणि मग, टेकूंवर चढलेल्या वाटाण्याकडे हनुवटी करून, "त्याले अजून वर चढानं शे. कोन पाही?"

काका मोठ्याने हसले आणि म्हणाले, "तू भी बदली गया रे, भो." जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असेल. संध्याकाळच्या बसला आम्ही त्यांना पोचवायला गेलो, तर बस हलल्यावर मेहुणा धुळीत उभा राहून बराच वेळ हात हलवत होता. परत येताना तो पुढे पुढे चालत होता. बायको माझ्या शेजारून. माझ्या हातातली शेंगांची पिशवी तिने आपल्या हातात घेतली.

पुढे उंच वाटाणा चढत गेला, नाडा अपुरा पडला तेव्हा आबांनी स्वतःहून माळ्यावरचे उरलेले टेकू काढून दिले. ते देताना मात्र मोजले. मेहुणा सायकलवर टोपली बांधून चोपड्याला यायचा, आधी आमच्या दारात शेंगांची एक ओंजळ ओतायचा आणि मग बाजारात. माझ्या वर्गात मी एकदा उंच आणि बुटकं अशी दोन खरी झाडं नेली. पोरांना फळ्यावरचीच जास्त आवडली.

ह्या माणसांचं मी काय देणं लागतो हे मला नीट सांगता येत नाही. आबांनी मला कधी एका शब्दाने सांगितलं नाही की तुम्ही चुकलात. पहाटे थंडीत गुडघ्यावर बसून त्यांनी ताणे सोडवले, एकेक. मोटार बिघडल्याचं सोंग केलं. आणि चारचौघांत माझ्या मूर्खपणाला शहाणपणाचं नाव देऊन तो चुलीत घातला. पोराला ठेवायचंच होतं त्यांना, पण कबूल कसं करायचं ते कळत नव्हतं, असं बायको म्हणते. असेल. माझा वाटाणा त्यांना निमित्त म्हणून कामी आला असेल तर ते माझ्या शिकवणीतलं दुसरं बरोबर वाक्य धरावं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पेरणीला गेलो. सकाळ होती, थंडी होती. खाट विहिरीकडे, उन्हात टाकलेली. गोधडी, तांब्या, सगळं जिथल्या तिथे. मी बसायला गेलो तर पायाशी काहीतरी अडकलं. वाकून पाहिलं. खाटेचा पाय विहिरीच्या दगडी खांबाला बांधलेला होता. मोटेच्या जुन्या नाड्याने, दोन गाठी मारून.

आबा बांधावर उभे होते.

"बसा, जवाई," ते म्हणाले. "आते हालाव नही."

मी बसलो. दुपारी ऊन चढलं, पण मी काही सावलीत जायचं नाव काढलं नाही.